मराठवाड्यातली घरची भाजीबाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहराच्या कडेला वाढलेल्या वसाहतींत, रो-हाऊसच्या मागच्या पट्ट्यात, बाराशे-पंधराशे चौरस फुटांच्या प्लॉटवर किंवा गच्चीवर भाजी लावू पाहणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. छत्रपती संभाजीनगरचा सातारा परिसर असो, लातूरचा रिंगरोड असो की परभणी-नांदेडच्या नव्या कॉलन्या, अडचणी बहुतेक सारख्याच: पाणी मोजकं, माती भारी किंवा नुसता मुरूम, आणि मार्चपासून कडक ऊन. म्हणून पुण्या-कोकणाकडची वेळापत्रकं इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

बाग सुरू करायला योग्य वेळ कोणती?

सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. बहुतेक जण मृग लागला की रोपं आणतात. पण पहिल्याच वर्षी पावसाळ्यात सुरुवात केली की तुंबलेलं पाणी, बुरशी, गोगलगायी आणि तण एकदमच अंगावर येतात. ऑक्टोबरात ऊन मवाळ होतं, परतीच्या पावसाने टाक्या भरलेल्या असतात आणि पालेभाज्या तीस दिवसांत हाताशी येतात. जून ते सप्टेंबर हा काळ माती तयार करण्यात, कंपोस्ट कुजवण्यात आणि पाणी साठवायची सोय करण्यात घालवा. फेब्रुवारीअखेर नवीन बाग सुरू करूच नका.

आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. मग बाग कशी जमायची?

जमते. मात्र आधी हिशेब करायचा आणि मग किती कुंड्या ठेवायच्या ते ठरवायचं. २० लिटर मातीच्या कुंडीतल्या वांग्याला किंवा टोमॅटोला डिसेंबर-जानेवारीत दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी पुरतं. त्याच कुंडीला मे महिन्यात दीड ते दोन लिटर लागतं. म्हणजे १५ कुंड्यांना दहा दिवसांसाठी हिवाळ्यात ७५ लिटर लागतील, तर मेमध्ये २२५ ते ३००. हिवाळ्यातल्या ७५ लिटरची सोय कोणत्याही घरात होते. तीनशे लिटर काढायचे म्हटले की घरात कुरकुर सुरू होते, आणि ती रास्तही असते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. इथली बाग पिण्याच्या पाण्याशी स्पर्धा करणारी नसावी.

म्हणून आमचा आग्रह असा, की बाग आठ महिन्यांची धरा. जून ते जानेवारी पूर्ण जोमात, फेब्रुवारी-मार्चमध्ये आवरती, आणि एप्रिल-मे मध्ये पाच-सात कुंड्यांपुरती. वांगी आणि मिरचीची झाडं मार्चअखेर जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा, सावलीत सरकवा आणि एक दिवसाआड जेमतेम ओल द्या. पाऊस पडला की तीच झाडं नव्याने फुटतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा फळं देतात.

पाणी वाचवायचे खरोखर उपयोगी उपाय कोणते?

सगळ्यात मोठा फरक आच्छादनाने पडतो. मातीवर दोन इंच जाडीचा पालापाचोळा, उसाचं पाचट किंवा सोयाबीनचं भुसकट पसरा. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर तिथे ओल धरून खोड सडतं. सोयाबीनच्या राशी झाल्यावर भुसकट गावाकडून स्वस्तात मिळतं. एक पोतं सात-आठ कुंड्यांना पुरतं.

जमिनीतल्या वाफ्यासाठी माठ पुरा. कुंभाराकडचा तीन ते पाच लिटरचा साधा, रंग न दिलेला माठ घ्या, गळ्यापर्यंत मातीत पुरा, तोंडावर झाकण ठेवा. भोवती वीतभर अंतरावर चार वेल किंवा चार मिरच्या लावा. हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी, उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी माठ भरावा लागतो. वर्षभरात क्षारांमुळे माठाची छिद्रं बुजतात आणि पाणी झिरपणं मंदावतं. मग माठ काढून नारळाच्या काथ्याने घासा, व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात रात्रभर ठेवा. तरीही पाझरला नाही तर बदला.

ठिबकचा घरगुती संच लावताना एक गोष्ट हमखास चुकते. बाजारातले ताशी २ लिटरचे ड्रिपर साधारण एक बार दाबासाठी बनवलेले असतात. तुमची टाकी कुंड्यांपेक्षा दीड मीटर उंच असेल तर दाब फक्त ०.१५ बार मिळतो आणि तोच ड्रिपर ताशी पाऊण लिटरच्या आसपास देतो. त्यामुळे वीस मिनिटं पाणी सोडून झाडं सुकली म्हणून ठिबकला दोष देऊ नका. एका कुंडीखाली पेला ठेवून तासात किती पाणी पडतं ते मोजा आणि त्यावर वेळ ठरवा. दाब एकसारखा राखणारे ड्रिपर कमी उंचीच्या टाकीवर नीट चालत नाहीत, साधे किंवा फिरवून कमीजास्त करता येणारे घ्या. १६ मिमीची मुख्य नळी, ४ मिमीच्या बारीक नळ्या आणि टाकीच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर एवढं पुरतं. फिल्टर आठवड्यातून एकदा धुवा.

गच्चीवरून पावसाचं किती पाणी मिळू शकतं?

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ६० चौरस मीटरची, म्हणजे साधारण साडेसहाशे चौरस फुटांची गच्ची धरा. वर्षाला ७०० मिमी पाऊस आणि वीस टक्के वाया जाणार असं मानलं तरी साडेतेहतीस हजार लिटर होतात. हे सगळं साठवायचं नसतं. एक हजार लिटरची टाकी २५ मिमीच्या एका चांगल्या सरीत भरते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात ती काठोकाठ भरून झाकली, तर वरच्या हिशेबाप्रमाणे १५ कुंड्यांना हिवाळाभर, म्हणजे चार महिन्यांहून जास्त पुरते. उरलेलं पाणी खड्ड्याद्वारे बोअरच्या भोवती जिरवा.

पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घेऊ नका, त्यात धूळ आणि कबुतरांची घाण असते. बागेपुरतं पाणी साठवायचं असेल तर पन्हाळीच्या तोंडाला दुहेरी मच्छरदाणीची जाळी बांधली तरी चालतं. टाकी जमिनीवर विटांच्या ओट्यावर ठेवा. भरलेली टाकी एक टनाची होते, ती स्लॅबच्या मध्यावर कधीच ठेवू नये.

साठवलेल्या पाण्यात डास होणार नाहीत का?

उघडं ठेवलं तर नक्की होतील. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. टाकीवर घट्ट झाकण, झाकणाखाली सुती कापड. ओव्हरफ्लोच्या नळीलाही जाळी लावा. कुंड्यांखालच्या बशा काढूनच टाका. आठवड्यातून एक दिवस सगळी उघडी भांडी कोरडी करा. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा, आरोग्य खात्याकडे ते बऱ्याचदा मिळतात.

बोअरचं जड पाणी आणि आरओमधून वाया जाणारं पाणी झाडांना घालावं का?

घालता येतं, पण बेताने. आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतं आणि मूळ पाण्यातले क्षार त्यात एकवटतात. एक साधा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, घ्या. आकडा १००० च्या आसपास असेल तर निम्मं नळाचं किंवा पावसाचं पाणी मिसळून वापरा. २००० च्या वर असेल तर फरशी पुसायला आणि संडासात ओतायला वापरा. कोवळी रोपं, घेवडा, गाजर आणि कांदा खाऱ्या पाण्याने लवकर मान टाकतात. पालक आणि बीट बऱ्यापैकी सोसतात.

मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला तर क्षार साचलेत असं समजा. वरची बोटभर माती खरवडून फेका आणि कुंडीच्या आकाराच्या दुप्पट गोडं पाणी एकदाच सावकाश ओतून खालून वाहू द्या. पावसाळ्यात हे काम आपोआप होतं, म्हणून जुलैमध्ये कुंड्या आडोशाला ठेवू नका.

आणि कपडे-भांडी धुतलेलं पाणी?

तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेलं पाणी बिनधास्त घाला. साबणाचं पाणी भाजीला नको. धुण्याच्या पावडरीतला सोडियम काळ्या मातीत साचला की ती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते, पाणी आत शिरतच नाही. हे पाणी केळी आणि कर्दळीच्या आळ्याकडे वळवा.

काळी माती सुपीक असते म्हणतात. मग ती थेट कुंडीत का भरू नये?

शेतात ती सुपीक असते कारण तिला खाली फूटन्‌फूट खोली आणि बाजूला पसरायला जागा असते. कुंडीत तीच माती ओली झाल्यावर फुगते, वाळल्यावर कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं. वरून पाणी दिलेलं दिसतं, मुळं मात्र कोरडी. शिवाय वजन फार.

चांगलं मिश्रण असं: एक भाग काळी किंवा लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा कुजवलेली बगॅस (रस काढलेल्या उसाचा चोथा). २० लिटरच्या कुंडीत प्रत्येकी सहा-सात लिटर, त्यात ५० ग्रॅम निंबोळी पेंड आणि चमचाभर ट्रायकोडर्मा (मुळांच्या रोगांना रोखणारी उपयोगी बुरशी). कोकोपीट वापरण्याआधी दोनदा साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यात मीठ असतं. साखर कारखान्याची ताजी बगॅस तशीच मिसळलीत तर ती कुजताना मातीतलं नत्र ओढून घेते आणि रोपं पिवळी राहतात. शेणाच्या पाण्यात भिजवून तीन-चार महिने ढीग लावून मगच वापरा.

तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर द्यायची गरज नाही. त्याने निचरा सुधारत नाही, माती मात्र कमी बसते. बोटाच्या जाडीची पाच-सहा छिद्रं पाडा आणि प्रत्येकावर खापराचा तुकडा पालथा ठेवा.

लाकडाची राख आणि चुना मिसळायचा सल्ला इथे पाळू नका. मराठवाड्याची बरीचशी माती चुनखडीची आहे, सामू (पीएच) ८ च्या आसपास असतो. राखेने तो आणखी वर जातो. चिमूटभर कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा. फसफसली तर चुनखडी भरपूर आहे.

नव्या प्लॉटवर नुसता मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा आहे. काय करावं?

सगळा प्लॉट सुधारायच्या मागे लागू नका. दोन फूट रुंद, दीड फूट खोल चर खणा, सिमेंटचे गोळे आणि विटांचे तुकडे वेचून काढा आणि वरच्याच मिश्रणाने भरा. दहा फुटांचा एक चर पहिल्या वर्षाला पुष्कळ झाला. पावसाळ्यात वाफा वीतभर उंच ठेवा, पाणी तुंबलं की मिरची आणि पपई दोन दिवसांत माना टाकतात.

गच्चीवर किती वजन चालतं?

वापरात असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलोचा भार धरतात. एक फूट खोलीचा ओल्या काळ्या मातीचा वाफा चौरस मीटरला पाचशे किलोवर जातो. फरक इतका मोठा असल्यामुळे गच्चीवर विटा रचून सलग वाफे करायचे नाहीत. हलक्या मिश्रणाच्या २० लिटरच्या पिशव्या भरल्यावर अठरा-वीस किलोच्या होतात. त्या भिंती आणि बीमच्या रेषेत, कडेकडेने ठेवा. मोठे ड्रम कोपऱ्यातल्या कॉलमवरच. प्रत्येक कुंडी दोन विटांवर उचललेली हवी, म्हणजे खाली झाडता येतं आणि ओल दिसते. जुनं घर असेल किंवा छताला गळती असेल तर आधी स्थापत्य अभियंत्याला दाखवा आणि वॉटरप्रूफिंग करून घ्या.

भंगारातले निळे ड्रम वापरले तर चालतील का?

आत आधी काय होतं हे नक्की माहीत असेल तरच. वाळूज, चिकलठाण्यासारख्या औद्योगिक भागातून येणाऱ्या ड्रममध्ये रंग, आम्ल, सॉल्व्हंट काहीही असू शकतं आणि प्लॅस्टिक ते शोषून घेतं. धुऊन वास गेला म्हणजे ड्रम स्वच्छ झाला असं होत नाही. तेल, सरबताचा पाक, लोणचं असल्या खाद्यपदार्थांचे ड्रम घ्या. कीटकनाशकाचे डबे कधीही नाही.

कोणत्या महिन्यात काय लावावं?

मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारलं, दुधी आणि अंबाडी. भेंडीत परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी क्रांती’ हा वाण अजूनही घरच्या बागेला उत्तम आहे. तो सरळ वाण असल्याने बी स्वतः धरता येतं. केवडा म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा रोग सहन करणारा म्हणूनच तो तयार केला गेला. भेंडी एका २० लिटरच्या कुंडीत दोन, दोडका-दुधीला चाळीस-पन्नास लिटरचं भांडं. वेलांना आधार म्हणून तुराट्यांचा मांडव करा, कपाशीच्या पऱ्हाट्याही चालतात, मात्र पऱ्हाट्यांत बोंडअळी दडलेली असू शकते, त्या उन्हात चांगल्या तापवून घ्या.

टोमॅटो, कोबी, फ्लॉवरचं बी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात ट्रेमध्ये टाका आणि पंचवीस-तीस दिवसांची रोपं ऑक्टोबरमध्ये हलवा. मेथी, पालक, शेपू, चाकवत, मुळा, गाजर आणि लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पालेभाज्यांना वीतभर खोलीचा पसरट ट्रे पुरतो. दर पंधरा दिवसांनी एक ट्रे पेरा, सगळे एकदम पेरू नका.

इथली खास चव हवी असेल तर करडईची भाजी लावा. ऑक्टोबरात घरातलीच, पॉलिश न केलेली करडई ट्रेमध्ये दाट पेरा आणि तीन आठवड्यांनी, पानांना काटे यायच्या आत, कोवळी खुडा. हरभराही असाच. महिन्याभराच्या रोपांचे शेंडे खुडले की ती डेरेदार होतात, आणि खुडलेले शेंडे सावलीत वाळवून ठेवले तर उन्हाळ्यात भाकरीबरोबर सुक्या भाजीची सोय होते. रोपं शेतातली असतील तर फवारणी झालीय का ते विचारा. घरच्या ट्रेमधल्या भाजीला तो प्रश्नच नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात राजगिरा, तांदुळजा, गवार, काकडी. त्यानंतर पेरणी थांबवा. घोळ मात्र स्वतःहून उगवते, ती उपटून फेकू नका, तिची भाजी होते.

कोथिंबीर उगवतच नाही.

तीन कारणं. धणे अख्खे पेरले, किराणा दुकानातले जुने धणे वापरले, किंवा उन्हाळ्यात पेरले. धणे लाटण्याने हलके दाबून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा, वर ओलं गोणपाट टाका आणि कोंब दिसताच काढा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, तोवर धीर धरा. मार्चनंतर उगवली तरी लगेच फुलावर येते.

उन्हाळ्यात शेडनेट किती टक्क्यांची आणि कशी लावावी?

५० टक्क्यांची. ७५ टक्क्यांच्या नेटखाली झाडं उंच आणि लेचीपेची होतात, फळ धरत नाही. मार्चच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत लावा, सात फूट उंचीवर, आणि पश्चिमेकडून खाली सोडलेली एक बाजू असू द्या, कारण दुपारी तीननंतरचं ऊन सगळ्यात जास्त भाजतं. एप्रिल-मेमध्ये वळवाचं वादळ आलं की ताणून बांधलेली नेट सांगाड्यासकट उखडते. कडेच्या छिद्रांत सुतळी वापरा, तार नको. सुतळी तुटते आणि सांगाडा वाचतो. काळ्या ग्रो-बॅगच्या बाहेरून गोणपाट गुंडाळा, नाहीतर पिशवीच्या कडेची मुळं अक्षरशः शिजतात.

नवीन पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. खत कमी पडतंय का?

खत नाही, लोह कमी पडतंय. चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण मुळांना मिळत नाही. मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग होत नाही, तेही तिथेच अडकतं. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. जुनी, खालची पानं पिवळी होत असतील तर मात्र नत्राची कमतरता. ओंजळभर गांडूळखत द्या. सगळंच झाड मलूल आणि माती ओली असेल तर पाणी जास्त झालंय.

टोमॅटोची फुलं गळतात, आणि आलेल्या फळाचं बूड काळं पडतं.

फुलं गळणं हे तापमानामुळे. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढे गेलं की परागीभवन बिघडतं. मार्चमध्ये फुलगळ झाली तर औषध शोधू नका, हंगाम संपलाय. बूड काळं पडणं हे फळात कॅल्शियम न पोचल्याचं लक्षण आहे, म्हणून लोक चुना किंवा अंड्याची टरफलं टाकतात. आपल्या मातीत कॅल्शियम मुबलक आहे. ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाणी कधी भरपूर कधी अजिबात नाही असं झालं की फळापर्यंत पोचत नाही. आच्छादन करा, रोज ठरल्या वेळी पाणी द्या, पुढची फळं चांगली येतात.

ओल्या कचऱ्याचं खत घरी करताना वास येतो, अळ्या पडतात. काय चुकतं?

२०१८ साली नारेगावच्या लोकांनी कचरा डेपो बंद पाडला तेव्हा संभाजीनगरच्या रस्त्यांवर कित्येक आठवडे ढीग साचले होते. त्या ढिगांतला ओला कचरा घरच्या घरी जिरू शकला असता, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर.

साठ लिटरचे दोन ड्रम घ्या. बाजूंना आणि तळाला बोटाएवढी छिद्रं पाडा, विटांवर सावलीत ठेवा. तळाशी चार इंच काड्याकुड्या आणि नारळाच्या शेंड्या. मग रोजचा कचरा बारीक चिरून टाका, आणि एक वाटी कचऱ्यावर दोन वाट्या कोरडा पाला, भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा. सुरुवातीला विरजण म्हणून शेणाचा काला किंवा आंबट ताक शिंपडा. चार दिवसांनी एकदा काठीने वरखाली करा. चार माणसांच्या घरात दिवसाला किलोभर कचरा धरला तर पहिला ड्रम दीड महिन्यात भरतो. मग दुसरा सुरू करा. तो भरेपर्यंत पहिल्यातलं खत बहुतेक तयार होतं.

सडका वास म्हणजे ओल जास्त आणि हवा कमी. कोरडा पाला दुप्पट करा. मुंग्या लागल्या तर फार कोरडं झालंय, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हीच अडचण जास्त असते: ढीग नुसता वाळतो, कुजत नाही. मूठभर घेऊन दाबल्यावर बोटांना ओल लागावी पण थेंब पडू नये. जाड करड्या अळ्या दिसल्या तर त्या कचरा खाणाऱ्याच आहेत, त्यांच्याकडून अपाय नाही. नको असतील तर वर दोन इंच कोरडी माती पसरा. तेलकट रस्सा, मांस, खारवलेलं अन्न टाकू नका.

पाला जाळू नका, तो तर कंपोस्टचा अर्धा माल आहे. शेजाऱ्यांचाही मागून घ्या. गांडूळं पाळायची असतील तर ती पस्तीस अंशांच्या पुढे तग धरत नाहीत. मार्चनंतर पेटी झाडाखाली, ओल्या गोणपाटाखाली ठेवा.

गावाकडून आणलेलं शेणखत चांगलं असतं ना?

कुजलेलं असेल तर उत्तमच. अर्धवट कुजलेल्या खतात हुमणीच्या अळ्या असतात, इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या, पांढऱ्या, डोकं तपकिरी. एकच अळी कुंडीतल्या रोपाची सगळी मुळं कुरतडते. खत फरशीवर पातळ पसरून एक दिवस उन्हात ठेवा, अळ्या वेचा, पक्षीही मदत करतात.

जीवामृत थोड्या प्रमाणात कसं करावं?

२० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन, मूठभर झाडाखालची माती. सावलीत ठेवा, दिवसातून दोनदा ढवळा, तोंडाला कापड बांधा, घट्ट झाकण नको. तिसऱ्या दिवसापासून आठवड्याच्या आत वापरा, एकास दहा पाणी घालून. याने कंपोस्टची गरज संपत नाही.

किडीसाठी घरगुती औषध कोणतं खात्रीचं?

निंबोळी अर्क, पण नीट केलेला. जून-जुलैमध्ये कडुनिंबाखाली पडलेल्या पिकल्या निंबोळ्या गोळा करा, गर धुऊन काढा, बी सावलीत वाळवा. फवारणीच्या आदल्या रात्री ५० ग्रॅम बी कुटून एक लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा. त्याच दिवशी संपवा. जुन्या, बुरशी धरलेल्या बियांचा उपयोग नाही, आणि पाला उकळून केलेला काढा बराच सौम्य पडतो.

मावा, तुडतुडे, पांढरी माशी यावर तो चालतो. सोबत पिवळे चिकट सापळे लावा. वांग्याचे शेंडे सुकलेले दिसले तर आत अळी असते. शेंडा दोन इंच खालून कापून ठेचून टाका, फवारा आत पोचत नाही. दोडक्या-कारल्याला फळमाशी डंख मारते. फळ बोटाएवढं असतानाच जुन्या साडीच्या किंवा कागदाच्या पिशवीत बांधा. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याने पुसून काढा. पानांवर भुरी (पांढरी, पिठासारखी बुरशी) आली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण ३५ अंशांवर ऊन असताना नाही, पानं करपतात.

वानरं आणि कबुतरं?

कबुतरांना जाळी. वानरांना जाळीचं पूर्ण छत, किंवा त्यांना न आवडणारी पिकं: मिरची, कारलं, लसूण, गवती चहा. दुसरा उपाय टिकत नाही.

जागा असेल तर कोणती फळझाडं लावावीत?

कढीपत्ता, लिंबू, शेवगा आणि सीताफळ. शेवगा बियांपासून लावा, तीन फुटांवर शेंडा खुडा आणि दर वर्षी शेंगा संपल्यावर छाटा, नाहीतर शेंगा पहिल्या मजल्यावरच्यांनाच मिळतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे ते उगाच नाही. हे झाड उन्हाळ्यात पानं टाकून स्वस्थ बसतं आणि पाणी मागत नाही. घराभोवती फळधारणा कमी होत असेल तर संध्याकाळी उमललेल्या फुलातला पराग मऊ कुंचल्याने घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धवट उमललेल्या फुलात लावा.

गच्चीवर सौर पॅनल बसवायचेत. मग बागेचं काय?

दोन्ही बसतं. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागतात. सांगाडा सात-आठ फूट उंच करून घ्या आणि खाली पालक, पुदिना, अळू, रोपांचे ट्रे ठेवा. उन्हाळ्यात ती सावली फुकटची शेडनेट होते. पॅनल धुतलेलं पाणी कुंड्यांत पडेल अशी मांडणी करा, धुताना साबण मात्र टाळा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून जास्तला ७८ हजार रुपये अनुदान आहे.

यातून घरखर्च किती वाचतो?

फार मोठी आशा धरू नका. शंभर चौरस फुटांत घराची सगळी भाजी होत नाही. मेथीच्या एका जुडीला दोन ते तीन चौरस फूट लागतात. टोमॅटोचं एक झाड नीट सांभाळलं तर हंगामात दोन-तीन किलो देतं. पण मिरची, कढीपत्ता, कोथिंबीर, पुदिना आणि आठवड्याला दोन पालेभाज्या विकत घ्यायच्या थांबतात. पैशांपेक्षा मोलाचं हे, की पालेभाजीवर काय फवारलंय ते तुम्हाला ठाऊक असतं.

पुढच्या वर्षासाठी बी कसं ठेवावं?

भेंडी, गवार, चवळी, मेथी, अंबाडी, राजगिरा यांचं सरळ वाणाचं बी ठेवा. संकरित वाणाचं नको. सगळ्यात निरोगी झाडावरची पहिली चांगली दोन-तीन फळं न तोडता झाडावरच वाळू द्या. दोडका, दुधी यांचे शेजारच्या दुसऱ्या वाणाशी संकर होतात, तेव्हा एका हंगामात एकच वाण लावा. बी सावलीत वाळवून, थोडी राख चोळून, कोरड्या काचेच्या बरणीत ठेवा आणि बरणीवर वाणाचं नाव, महिना लिहा. राखेचा उपयोग इथे, मातीत नाही. पेरणीआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहा. सातपेक्षा कमी उगवल्या तर दाट पेरा, पाचपेक्षा कमी उगवल्या तर शेजाऱ्याकडून नवं बी मागून आणा.